शेठजींच्या ग्लासाचं माप

आमच्याकडे दारू पिणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मोजून पिणाऱ्याला मात्र सगळं गाव विचारतं.

हे मी अनुभवाने सांगतो आणि चिडून सांगतो. आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला, भावकीतली बाप्ये मंडळी शेतातल्या खोलीवर मटणाचं पातेलं चढवतात, प्लॅस्टिकच्या ग्लासात हाताला येईल तेवढी ओततात, वर काहीतरी काळं गोड भरतात आणि डोळे मिटून घशाखाली ढकलतात. सकाळी त्यांतला एखादा बांधावर आडवा सापडतो. "काल पार्टी व्हती," एवढ्यावर विषय मिटतो. आणि मी शनिवारी संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, शहाद्याला मित्राच्या गच्चीवर जातो, एक लहानसा ग्लास तासभर पुरवतो आणि घरी येऊन गरम भाकरी खातो, तर माझी काकू ओट्यावरूनच हटकते, "भाऊ, या वयमा हाई काय नवं शे तुन्हं?" तिला एकदा समजावून सांगायला गेलो की काकू, आम्ही मोजून करतो, लिंबू किती, साखर किती, सगळं ठरलेलं असतं. तिने कपाळावर हात मारला. "दारू मोजीसन पेतस का कोणी? याले तं पक्की सवय लागी गई!"

आता माझं सगळं आयुष्यच मोजण्यात गेलं, त्याला मी काय करू? मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. रसात साखर किती ते काढायचं, त्याला आम्ही ब्रिक्स म्हणतो. नळी डोळ्याच्या रेषेत आणल्याशिवाय आकडा वाचायचा नाही आणि अंदाजपंचे काम करणाऱ्याला लॅबमध्ये पाय ठेवू द्यायचा नाही, हे माझे नियम. निवृत्त झालो आणि घरी चहातली साखरसुद्धा डब्यातून चमच्याचा अंदाज न घेता पडते, हे बघून जीव कासावीस व्हायला लागला. त्याच सुमारास दाढेला कॅप बसवायला गेलो होतो. दातांचे डॉक्टर माझे जुने स्नेही. त्यांच्या पुण्याच्या मुलीने त्यांना वाढदिवसाला कॉकटेल करायचं सामान पाठवलं होतं. स्टीलचा शेकर, लांब दांड्याचा चमचा, गाळणी आणि दोन्ही बाजूंनी भरता येणारं एक माप. मोठी बाजू साठ मिलिलिटर, लहान तीस, आत रेषा कोरलेल्या. ते माप मी हातात घेतलं आणि तोंडात कापूस असतानाच विचारलं, सुरुवात कधी करायची?

तिसरे आमचे सर. मूळचे देशावरचे, पण उभी नोकरी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. बर्फाचं खातं त्यांचं. लोकांना वाटतं, कॉकटेल म्हणजे दोन-चार बाटल्या एकत्र ओतायच्या. कपाळ माझं! नुसत्या बर्फापायी आम्ही एक उन्हाळा घालवला. फ्रीजमधला बर्फ पांढुरका निघतो, कारण पाणी चारी बाजूंनी गोठतं आणि आतली हवा मध्येच कोंडते. सरांनी डॉक्टरांकडे औषधं येतात तो थर्माकोलचा खोका घेतला, झाकण काढून पाण्याने भरला आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवला. आता थंडी लागणार ती फक्त वरून. वरचा थर काचेसारखा आणि हवा सगळी तळाशी. तळ करवतीने कापून टाकायचा. ऐकायला सोपं आहे. पण भर उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की सरांचा चेहरा बघवायचा नाही. एकदा त्यांनी वायरमनला फोन लावला. "घरमा कोणी पेशंट शे का, सर?" त्याने काळजीने विचारलं. "बर्फ आहे," सर म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला आणि सर आठवडाभर त्या वायरमनला शिव्या घालत होते.

मोसंबीची साल काढायची तर आतला पांढरा भाग येता कामा नये, तो कडू. ती उचलायला डॉक्टरांचा दातांचा चिमटा. मोलगीच्या बाजारातून सुकी मोहफुलं आणून त्यांचा पाक केला, तो मी माझ्या जुन्या यंत्रावर तपासून बरोबर पन्नास ब्रिक्सला उतरवला. आमच्याकडे प्यायचे रीतसर परवाने आहेत. तालुक्यात पिणारे किती आणि परवानेवाले किती, हे मी कोणाला विचारत नाही. आणि एवढं सगळं करून डॉक्टरांचे साडू गुजरातहून येतात, तिकडच्या बंदीने तहानलेले, सरांनी पाऊण तास खपून केलेला ग्लास एका घोटात रिकामा करतात आणि म्हणतात, "अच्छा है, पर चढ़ती नहीं." सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मलाही गेलं नाही.

गच्चीवर डॉक्टरांनी एक खोली बांधली आहे. आत काळ्या दगडाचा ओटा आणि गच्चीकडे उघडणारी खिडकी. पाळीपाळीने एकाने आत उभं राहून बनवायचं, फार तर एकाने हाताखाली राहायचं. बाकीच्यांनी बाहेर बसायचं आणि आत नाक खुपसायचं नाही. लॅबमधली एक सवय मात्र मी सगळ्यांना लावली होती. माप रेषेपर्यंत भरायचं, डोळ्यासमोर धरायचं, ओतायचं आणि लगेच ओट्यावर उपडं ठेवायचं, म्हणजे आत राहिलेला थेंब पुढच्या मापात जात नाही. स्टील दगडावर टेकलं की टक् असा आवाज होतो. बाहेर बसून तो टक् ऐकला की मला बरं वाटायचं, कारण आत काम नीट चाललं आहे.

आता शेठजी. खरं तर सगळ्यांत आधी त्यांचंच सांगायला हवं होतं.

शेठजी माझे शाळासोबती. नंदुरबारला त्यांचा मिरचीचा व्यापार. आजोबा राजस्थानातून आले, त्यामुळे घरात मारवाडी आणि बाहेर अहिराणी. घराणं जैन. दारू सोडा, कांदा-लसणालासुद्धा हात लावायचे नाहीत. मग असा माणूस आमच्या गच्चीवर काय करत होता? वास घेत होता.

पहिल्यांदा ते मला भेटायला म्हणूनच आले होते. डॉक्टरांनी गंमत म्हणून त्यांच्या हातात ग्लास दिला. शेठजींनी तो नाकाशी नेला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "याले कांदानी सुरी लागेल शे." डॉक्टर खाली जाऊन विचारून आले. मोसंबीची साल वहिनींच्या कांदा चिरायच्या सुरीनेच काढलेली होती. त्या दिवसापासून शेठजी आमचे न्यायाधीश झाले.

"पण शेठजी, तुमच्यात हे चालतं का?" सरांनी विचारलं. त्यांच्यात महाराजांसमोर नेम घेतात, त्याला पच्चक्खाण म्हणतात. "पच्चक्खाण तोंडनं शे, सर, नाकनं नही," शेठजींनी सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

मग एक रीतच पडली. प्रत्येक पेयाचा पहिला ग्लास शेठजींचा, पुऱ्या मापाचा, आम्हाला देतो तसाच. ते आधी विचारायचे, "माप कितलं?" बनवणाऱ्याने सांगायचं, साठ, वीस, दोन थेंब, जे असेल ते. मग ते वास घ्यायचे. निकाल दोनच, "चालस" किंवा "नही चालस". मधलं काही नाही, लाडीगोडी नाही. तो ग्लास ते शेवटपर्यंत हातात ठेवायचे आणि गार असताना वास कसा होता, कोमट झाल्यावर कसा फिरला, ते सांगत राहायचे. उठताना तो जास्वंदीच्या कुंडीत रिकामा करायचे. डॉक्टरांच्या जास्वंदीइतकी उंची जिन प्यालेली जास्वंद अख्ख्या जिल्ह्यात नसेल. पण त्या एका "चालस"साठी आम्ही तिघं जीव टाकायचो. सर तर "चालस" मिळालेल्या दिवशी जिना उतरताना शीळ घालायचे.

मागच्या हिवाळ्यात शेठजींना ताप आला. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "भाऊ, गॅसवर दूध करपी गयं. मी बाजूलेच बठेल व्हतू. बायको वरडत उनी तव्हय माले समजनं." मिरचीचा ठसका त्यांना अजून लागतो. ठसका म्हणजे आग, तो वास नव्हे. वास मात्र कशालाच नाही. ना हिंगाला, ना अगरबत्तीला, ना नातवंडाच्या डोक्याला. तिथले नाकाचे डॉक्टर म्हणाले, परत येईल, किंवा येणारही नाही.

मिरचीच्या व्यापाऱ्याचं नाक जाणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. ढिगात हात घालून मूठ नाकाशी नेली की शेठजी सांगायचे, ओल किती, बुरशी धरली आहे का, माल यंदाचा की गेल्या सालचा. आता ते ढिगाजवळ गेले की मुलगा म्हणायचा, "पप्पा, ऱ्हाऊ द्या, मी देखस." स्वयंपाकघरात डोकावले की सून म्हणायची, "पप्पा, ऱ्हाऊ द्या." सगळे भलं चिंतूनच म्हणत होते. पण सकाळपासून "ऱ्हाऊ द्या" ऐकणारा माणूस हळूहळू कोपऱ्यातल्या खुर्चीचा होतो. त्यांना कोणी "ऱ्हाऊ द्या" म्हणत नव्हतं अशी एकच जागा उरली होती, आमची गच्ची. म्हणून ते दर शनिवारी नंदुरबारहून प्रकाशा गावाजवळचा नदीचा पूल ओलांडून स्वतः गाडी चालवत यायचे. ती जागा गेली असती, तर बसायला दुसरी नव्हती. हे मला माहीत होतं. सरांना आणि डॉक्टरांनाही माहीत होतं, कारण मीच त्यांना सांगितलं होतं.

आजारानंतरच्या पहिल्या शनिवारी शेठजींनी आल्या आल्या सांगून टाकलं, "मन्हं नाक गयं." डॉक्टर लगेच म्हणाले, "येईल हो परत. तोवर सवय मोडू नका." मला डॉक्टरांचा अभिमान वाटला. हेच ते डॉक्टर, हे ध्यानात ठेवा. पहिला ग्लास आला. शेठजींनी माप विचारलं, सरांनी सांगितलं. शेठजींनी ग्लास नाकाशी धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाले, "चालस." रीत पुढे चालू राहिली.

यंदा दिवाळीच्या आधी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रेषा दिसेना, म्हणून माझी पाळी सर आणि डॉक्टरांनी वाटून घेतली. मी बाहेर शेठजींच्या शेजारी बसायचो आणि पपईच्या भावापासून नातवाच्या दुधाच्या दातांपर्यंत बडबडत राहायचो. डोळ्यात घालायचे थेंब गार ठेवावे लागायचे, ते मी गच्चीवरच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवून द्यायचो. एका शनिवारी ते आणायला आत गेलो.

सर शेठजींचा ग्लास भरत होते. तांब्यातून पाणी, नुसतं, अंदाजाने. वर कोऱ्या चहाचा एक शिंतोडा, रंगासाठी. वर मोसंबीची साल, चिमट्याने, अगदी निगुतीने. मला वाटलं, बर्फाचा काही नवा प्रयोग असेल.

"हे काय?" मी विचारलं.

"शेठजींचा," सर हलक्या आवाजात म्हणाले. "बरेच शनिवार झाले. बाटली किती खटपटीने येते तुम्हाला माहीत आहे. ते पीत नाहीत, आता वासही येत नाही. सगळी जाते जास्वंदीला. गाढवाला गुळाची चव काय?"

डॉक्टर हाताखाली होते, बर्फ फोडत होते. ते गालात हसले.

मी थेंबांची बाटली खिशात टाकली. सर ट्रे घेऊन बाहेर गेले, त्यांच्यामागे मी. शेठजी खुर्चीत सरळ बसले, शर्टाची बाही नीट केली.

"माप कितलं?"

"साठ, वीस, दोन थेंब," सर म्हणाले. अडखळले नाहीत. वर्गात सूत्र सांगावं तसं.

शेठजींनी ग्लास नाकाशी नेला. डोळे बारीक केले. "चालस," ते म्हणाले. आणि सरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं लोक बोलतात, मीही बोलतो. पण तो डोळा! त्या डोळा मारण्यात त्यांनी मलाही आपल्या बाजूचा धरलं होतं. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी हे जिन्यावरून शीळ घालत उतरायचे, त्याच्यापुढे तांब्यातलं पाणी ठेवून वर आकडे सांगायचे? आणि आकडे कोणते, तर माझे! माप, रेषा, थेंब, ज्यांच्या जोरावर आम्ही माझ्या काकूला हसतो, साडवाला हसतो, शेतावरच्या पार्टीवाल्यांना हसतो. ते पार्टीवाले परवडले. ते ओततात तेव्हा ओततो म्हणतात.

मी ओरडलो. "शेठजी, ठेवा तो ग्लास! पाणी आहे ते. तांब्यातलं पाणी आणि चहाचा रंग. कित्येक शनिवार हेच चाललं आहे. आणि सर, तुम्ही! तीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवलंत ना? लाज वाटत नाही?" आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर "अहो, हळू, खाली ऐकू जाईल" करत होते. मग त्यांनाही दोन ऐकवल्या.

शेठजी दचकले नाहीत. त्यांनी ग्लास कठड्यावर ठेवला, बोटाला लागलेलं पाणी रुमालाने पुसलं. "बठ खाले, भाऊ," एवढंच मला म्हणाले. मग उठले. "उजेड शे तवर पूल वलांडस," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

"बघा, घालवलंत त्यांना," सर म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा याला म्हणतात. "इतके दिवस ते खुशीत यायचे. आम्ही त्यांना दुखावलं नाही. दुखावलं तुम्ही." मी सरांना सांगितलं की तुमचा काचेसारखा बर्फ तुमच्याच डोक्यावर ठेवा, आणि निघून आलो.

पुढच्या शनिवारी शेठजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की "काममा शे". कसलं काम? मुलगा सगळं बघतो. मी घरी धुमसत होतो. पत्नी म्हणाली, "एवढा राग येतो तर जाऊन भेटा ना. माझ्यावर कशाला काढता?" तेही खरं होतं.

मी नंदुरबारला गेलो. शेठजी गावाबाहेर त्यांच्या पथारीवर होते. ओली मिरची उन्हात वाळत घालतात, त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर लाल. बाया तोंडाला फडकी बांधून मिरची निवडत होत्या. मला गाडीतून उतरल्या उतरल्या ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेठजी छपराखाली खुर्चीत बसले होते. त्यांनी पाणी मागवलं, माझा खोकला थांबेपर्यंत थांबले.

"त्यासनी तुमनी चेष्टा कयी," मी म्हणालो. "इतला दिन तुमले फसाडं. आन तुम्ही घर बठी ऱ्हायनात."

"माले मालूम व्हतं," शेठजी म्हणाले.

"कव्हयपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिनलेच समजनं. नाक गयं, कान शेतस ना अजून. साऱ्यासना ग्लासले माप वाजस. टक्, टक्. मन्हा ग्लासले वाजनंच नही."

"मंग माले कसं नही आयकू उनं?"

"तुन्हं तोंड चालू व्हतं ना."

मला राग आला, पण गिळला. "मालूम व्हतं, मंग दर शनिवारले माप कितलं, माप कितलं, हाई कसाले विचारेत?"

शेठजींनी खाली वाकून छपरात वाऱ्याने आलेली एक मिरची उचलली. सवयीने नाकाशी नेली आणि मग बाजूला ठेवली. "आज तरी कोणी खरं सांगी, आसं वाटे," ते म्हणाले.

मी पुन्हा सरांवर घसरलो. शेठजींनी हात वर केला.

"जिन वाया जास, हाई सरनं खरं शे. मी व्यापारी मानूस, माले कळत नही का? माले पानी दिन्हं तरी चाली. पन मापीसन द्या. आन पानी शे, आसं सांगा. मी का नको म्हनतू?" मग म्हणाले, "आन तू! साऱ्यासमोर वरडना. तव्हयपासून मी आजारी मानूस व्हयी गऊ. डॉक्टरना फोन येस, सरना फोन येस. तब्बेत कशी शे, म्हने. आते जठे जाई ऱ्हायंतू, तठेबी माले ऱ्हाऊ द्या म्हनतीन."

म्हणजे बघा. मी त्यांच्या बाजूने घसा फोडला आणि बोलणी मलाच. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. शेठजी "हां" म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. चहा चांगला होता, पण माझा राग काही गेला नाही. तो आता कोणावर काढायचा, तेवढंच कळत नव्हतं.

येताना प्रकाशाच्या पुलावर मी ठरवलं. शनिवारी उन्हं असतानाच शहाद्याला गेलो, कारण सूर्य मावळल्यावर शेठजी पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांना फोन करून सांगितलं होतं, माझ्यासाठी नको, पण या. सर आणि डॉक्टर गच्चीवर होते. पथारीवर जे ऐकलं, ते मी त्यांना शब्दाशब्दाने सांगितलं. टक् चं सांगितलं. आज तरी कोणी खरं सांगी, हेही सांगितलं. डॉक्टर उठून शेठजींची खुर्ची पुसायला लागले. सर मात्र लगेच वळणारे नव्हेत.

"पाणी मोजायचं?" ते म्हणाले. "अहो, पाणी?"

"पाणी," मी म्हणालो. "आणि पाळी तुमची आहे."

माझा डोळा आता बरा झाला होता. मला रेषा स्वच्छ दिसत होती. तरी मी मापाला हात लावला नाही. खाली शेठजींच्या गाडीचं दार वाजलं, जिन्यावर त्यांची सावकाश पावलं वाजली. ते येऊन त्यांच्या खुर्चीत बसले. तब्बेतीचं कोणी विचारलं नाही, तशी मी आधीच तंबी दिली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि या वेळी तोंड बंद ठेवलं.

आत सरांनी ग्लास बर्फाने गार केला, बर्फ काढून टाकला. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला माहीत होतं, ते माप डोळ्यासमोर धरून उभे आहेत. मग पाणी ओतल्याचा बारीक आवाज आला. आणि ओट्यावर, टक्.

शेठजींनी मान किंचित वळवली.

सर ट्रे घेऊन बाहेर आले. चहाचा रंग नव्हता, साल नव्हती. ग्लासाला बाहेरून दव आलं होतं. शेठजी सरळ बसले, बाही नीट केली.

"माप कितलं?"

सरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. इतक्या शनिवारांचे आकडे त्यांच्या जिभेवर आले असणार. खाली रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत ते उभे होते.

"साठ," ते म्हणाले. "नुसतं पाणी आहे, शेठजी."

शेठजींनी ग्लास घेतला. नाकाशी नेला, डोळे बारीक केले. आणि मग त्या गच्चीवर त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. ग्लास तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. जास्वंदीकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामा ग्लास त्यांनी सरांच्या हातात दिला.

"आते चालस," ते म्हणाले.